निम्मेमामा

जून 2023 मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला आणि भालकीच्या आमच्या मामांचं जन्मभराचं एक स्वप्न पुरं झालं. जोडीनं बीदरला जायचं भाडं बरोब्बर निम्म्यावर आलं. तेही कंडक्टरशी एक शब्द न बोलता. मामांना आनंद झाला का, हे मात्र सांगता येत नाही. पहिल्या फेरीला ते एकच तिकीट हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते म्हणे. शेवटी मामींना म्हणाले, "आपण मागितलंच नव्हतं की."

भालकीत त्यांना निम्मेमामा म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मुनीमजी. गुलबर्ग्याच्या गंजात तुरीच्या अडतीवर तीस वर्षं त्यांनी वह्या लिहिल्या. (गुलबर्ग्याचं 2014 साली कलबुर्गी झालं, पण मामांनी तो व्यवहार अजून पक्का केलेला नाही.) भाव कानावर पडला की 'निम्म्यात बोला' हे त्यांच्या तोंडून शिंकेसारखं येतं, थोपवता येत नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर आठ दिवसांवर तडजोड. मैलारच्या खंडोबाला एकदा अकरा नारळ बोलले होते. काम झालं. मामा देवासमोर डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले, ओठ हलत होते, आणि बाहेर येऊन त्यांनी पाच नारळ घेतले. "साडेपाच होत होते," म्हणाले, "पण अर्धा देवानंच सोडला."

मामी अगदी उलट. सांगेल तो भाव देतात, वर भाजीवालीच्या नातवाची चौकशी करतात. भाजीवाली मामींच्या पिशवीत आपणहून मूठभर कोथिंबीर कोंबते. मामांच्या पिशवीत दोन रुपये कमी घेते आणि एक वांगं किडकं घालते. हे चाळीस वर्षं चाललंय. मामांना पत्ता नाही, कारण पिशवी घरी मामी उघडतात.

मामांचं शिक्षण जनावरांच्या बाजारात झालं. त्यांचे वडील देवणी बैलांचे शौकीन. बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा धोतराच्या सोग्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचे. वर दोघांचे चेहरे देवळातल्या दगडी द्वारपालासारखे, खाली बोटांची कुस्ती. लहानग्या मामांनी ते तासन् तास पाहिलं. पुढं मोठेपणी बीदरच्या एका कापडदुकानात त्यांनी भर गिऱ्हाइकात दुकानदाराचा हात उपरण्याखाली ओढून बोटं दाबली होती. दुकानदार तरुण होता. त्यानं घाबरून वडलांना हाक मारली.

मामांच्या मते जगातलं बरंचसं दुःख हे योग्य वेळी योग्य माणूस घासाघिशीला न बसल्यामुळं आहे. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. मामांची थोरली बहीण उदगीरला दिलेली, ती रातोरात परराज्यात गेली. आजही उदगीरहून कोणी आलं की भालकीत 'महाराष्ट्रातून पाहुणे आलेत' असं सांगतात, जणू विमानातूनच उतरले. महाराष्ट्र सरकार सीमाभागातली 865 गावं मागतं, हे मामांनी पेपरात वाचलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, 865 पाहिजेत तर 1730 मागायचे न्हवं? आकडा कळलेल्या माणसाला धाडलंच नाय कोणी!"

त्यांची भाषा हाही एक व्यवहारच. सौद्याला सुरुवात मराठीत, कारण मराठीत नापसंती चांगली दाखवता येते: 'ह्यॅ, हे काय', 'बघू बघू', 'असल्या ढिगानं पडल्यात'. भांडण दखनीत, कारण दखनीत कितीही भांडलं तरी माणूस रागावल्यासारखा वाटत नाही. आणि शेवटचा आकडा कन्नडमध्ये. 'कडिमे माडरी' म्हणत ते असा काही जिव्हाळ्याचा हेल काढतात, की समोरच्याला आपली माहेरची भाषा ऐकून गहिवरून यावं. समोरचा बहुतेक वेळा मारवाडी असतो.

गुलबर्ग्याला होळीनंतर शरणबसवेश्वराची जत्रा भरते. तिथं त्यांचा पाठ फिरवण्याचा प्रयोग मी लहानपणी पाहिला. भाव जमला नाही की मामा वस्तू खाली ठेवतात, धोतर झटकतात आणि चालू लागतात. सातव्या पावलाला मागून हाक येते, असा त्यांचा सिद्धान्त. मला लाकडी भोवरा हवा होता. भोवरेवाल्यानं हाक मारली नाही. सात पावलं झाली, सतरा झाली. मागं वळून बघणं म्हणजे हार. म्हणून मामा तसेच पुढं निघाले, माझा हात धरून देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालून पुन्हा त्याच भोवरेवाल्यासमोर उगवले आणि म्हणाले, "तू हाक मारलास काय आत्ता?" तो म्हणाला, "नाही." मामा म्हणाले, "मग माझ्याच कानाला भास झाला. आता आलोच आहे तर दे." भोवरा सांगितल्या भावाला मिळाला. देवदर्शन मात्र, मामांच्या हिशेबानं, फुकटात पडलं.

पण मामांचं खरं कुरुक्षेत्र बीदर. चौबाऱ्याकडून महमूद गवानच्या मदरशाकडं जाणाऱ्या रस्त्यावर बिदरीची दुकानं आहेत. मदरसा 1472 चा. दर्शनी बाजूला दोन मिनार होते. औरंगजेबाच्या काळात झालेल्या स्फोटात एक गेला, एक उरला. मामांची ही बीदरातली सगळ्यात आवडती इमारत आहे, आणि कारण विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन भालकीला गेलो, तेव्हा मामांनी आम्हाला बिदरी घ्यायला नेलं. बसमध्येच सूचना झाल्या. जी वस्तू आवडेल तिच्याकडं बघायचं नाही. नावडती हातात घ्यायची, तिचे दोष काढायचे, आणि जाता जाता आवडतीकडं तुच्छतेनं बोट दाखवून विचारायचं, 'आणि हे काय भंगार?' बायकोनं सगळं नीट ऐकून घेतलं. दुकानात शिरल्यावर पहिल्याच फळीवर वीतभर उंचीची एक सुरई होती. काजळासारखी काळी, अंगभर चांदीच्या तारेची वेल. बायको म्हणाली, "अय्या!"

मामांनी डोळे मिटून घेतले. आत बसलेल्या चाचांनी चहा सांगितला.

चाचा म्हणजे कारागीरच, मालकही तेच. पुढं दुकान, मागं कामाची खोली. भाव 2400. मामांनी पहिल्या चहाबरोबर मुनिमाची वही उघडावी तसं तोंड उघडलं. "जस्त सोळा भाग, तांबं एक भाग," ते बोटांवर मोजू लागले. "वाळूचा साचा, ती वाळू पुन्हा वापरता. वर काळं दिसावं म्हणून मोरचूद, चिमूटभर. कोरायचं कलम आजोबांच्या वेळचं. चांदी धरा मासाभर. कानस मारून पडलेला कीस तुम्ही परत वितळवता. मग नवसागर. शेवटी खोबरेल, ते बायको डोक्याला लावते त्यातलंच. झाले किती?"

मी थक्क झालो. बिदरी कशी घडते ते मी पुढं पुस्तकात वाचलं, पण मला ते पाठ झालं मामांच्या या आकारणीतून. ओतलेली वस्तू घासून गुळगुळीत करायची, मोरचुदाच्या पाण्यानं काळपट करायची, मग त्यावर हातानं नक्षी कोरायची आणि कोरलेल्या चरीत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीनं ठोकून बसवायचा. पुन्हा कानस. एवढं झाल्यावर वस्तू कशी दिसते? चांदी आणि जस्त दोन्ही पांढरी, त्यामुळं काहीच दिसत नाही. दिवसेंदिवस राबून कोरलेली वेल डोळ्यांना सापडतसुद्धा नाही. ती उमटते अगदी शेवटच्या पायरीला.

चाचांनी मामांचा हिशेब शांतपणे ऐकला. "हौ मुनीमजी, सब बरोबर," ते म्हणाले. "मिट्टी भूल गए."

"मिट्टी किले की है," मामा उसळले. "सरकारी माल. उसके कायके पैसे?"

"मिट्टी के नक्को देव," चाचा म्हणाले. "जबान के देव."

बीदरच्या किल्ल्यात जिथं शतकानुशतकं ऊन-पाऊस पोचलं नाही, अशा जागची माती लागते. ती नवसागराबरोबर पाण्यात कालवून त्यात तापवलेली वस्तू घातली, की मिश्रधातू काळाकुट्ट होतो आणि चांदी मात्र पांढरीच राहते. तेव्हा वेल उमलते. पण किल्ल्यातली प्रत्येक माती चालत नाही. कोणती चालेल, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतो. चाचांच्या वडलांनी त्यांना आठव्या वर्षी माती चाखायला लावली होती. चाचांनी जीभ बाहेर काढून आम्हाला दाखवली. पानानं लाल झालेली होती, बाकी इतरांसारखीच.

मामा गप्प झाले. दुसरा चहा आला. तोही संपला. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "जबान के कित्ते?"

सौदा 1900 ला तुटला. मामांच्या वहीत त्याची नोंद आजही वेगळी आहे: सुरई 1200, सूनबाईचं 'अय्या' 700.

याच्यानंतर केव्हातरी पुण्यात एका प्रदर्शनात मी एक बिदरी तबक घेतलं. भाव पाटीवर लिहिलेला, एकच भाव. निमूट पैसे दिले आणि सुसंस्कृत झाल्यासारखं वाटलं. मामा घरी आले होते. त्यांनी तबक उचललं, वजन बघितलं, उलटं केलं, डोळे मिटून नक्षीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि खाली ठेवलं. "रंग आहे," म्हणाले. "चांदी नाय. ह्याला माती लागलेलीच नाय." तार ठोकून नंतर कानस मारलेली असली की बोटाला ती लागत नाही, धातूशी एकजीव होते, इथं नक्षी अंगठ्याला टोचत होती. मी शहाणा माणूस, घरात बिदरीवरची दोन पुस्तकं बाळगून. मामांनी त्या विषयावर ओळ वाचलेली नाही. त्यांनी फक्त चाळीस वर्षं बिदरीत खोट काढली आहे, आणि खोट काढायला वस्तू जेवढी निरखावी लागते तेवढी कौतुकाला लागत नाही. मी सुरईला एकदा 'वा' म्हणालो आणि कपाटात ठेवली. मामांना तिच्या गळ्यापाशी वेलीचं एक पान उलटं वळलंय, हे अजून आठवतं. त्या पानाचे त्यांनी पन्नास कमी केले होते.

2011 च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात कर्नाटकाच्या चित्ररथावर बिदरी आली. मामा टीव्हीसमोर बसून हळहळले, "गेलं. आता भाव वाढवणार." 2023 साली बीदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि पेढे वाटता वाटता प्रत्येकाला बजावलं, "आता दोन वर्षं तिकडं फिरकू नका." मग चांदीनं किलोमागं लाखाचा आकडा ओलांडला. मामांनी पेपर घडी घालून ठेवला. काही गोष्टींना बोलायला तोंडच उरत नाही.

मधल्या काळात ते परदेशीही जाऊन आले. लेक-जावयानं हैदराबादहून निघणाऱ्या सहलीत थायलंडला नेलं. बँकॉकला शनिवार-रविवारी चतुचक नावाचा बाजार भरतो. हजारो दुकानं, माणूस हरवला तर सोमवारीच सापडावा. हातानं कोरलेल्या लाकडी हत्तींच्या एका गाळ्यासमोर मामा थबकले. मराठी नाही, दखनी नाही, कन्नड नाही. बाईनं गणकयंत्रावर 800 हा आकडा दाबून पुढं केला. मामांचे डोळे चमकले. यंत्र का होईना, बोटांनीच बोलायचं, हे तर वडलांच्या सोग्याखालचं! त्यांनी बाही सरसावून 400 दाबलं आणि चेहरा दगडाचा केला. बाई हसली, मान डोलावली, हत्ती कागदात गुंडाळून हातात दिला.

एवढंच. ना चहा, ना सातवं पाऊल.

त्या रात्री मामा झोपले नाहीत. पहाटे जावयाला उठवून म्हणाले, "एका दमात दिली म्हणजे दोनशेला देणारी होती. का शंभर?" जावई म्हणाला, "मामंजी, हत्ती चांगला आहे." मामा म्हणाले, "हत्तीचं काय घेऊन बसलाव." तो हत्ती भालकीच्या घरी कोनाड्यात आहे. तोंड भिंतीकडं. मामी झाडताना सरळ करतात, संध्याकाळी तो पुन्हा फिरलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या लग्नासाठी बिदरीची डबी घ्यायची ठरली. मामा, मामी आणि मी असे बीदरला निघालो. दीड तिकिटाऐवजी दोन लागली, म्हणून वाटेतच मामा माझ्यावर थोडे नाराज होते. दुकान तेच, पण काच नवी. आत चाचांचा मुलगा. फळीवरच्या प्रत्येक वस्तूला पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर भाव छापलेला, आणि गल्ल्यावर फोननं पैसे भरायचा चौकोन. मामा अवघडून उभे राहिले. शेवटी एका डबीकडं तुच्छतेनं बोट दाखवून म्हणाले, "आणि हे काय भंगार?"

"अंकल, लिखा है," मुलगा म्हणाला. "4200. फिक्स."

"निम्म्यात बोला," मामा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मुलानं नम्रपणे फक्त चिठ्ठीकडं बोट केलं. मामांनी डबी हातात घेतली, खोट शोधू लागले. झाकण बघितलं, तळ बघितला, नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मला वाटतं त्यांना खोट सापडत नव्हती, किंवा सापडून उपयोग नाही हे कळलं होतं. इतकं म्हातारं दिसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, आणि भिंतीला धरत चाचा बाहेर आले. नजर अधू झाली होती, आवाज ओळखून आले असावेत. "मुनीमजी?" मग मुलाकडं वळून, "कित्ते बोला इनकू?"

"4200, अब्बा. लिखेला है."

"कायकू लिखेला है? हट जा." चाचांनी मामांच्या हातातून डबी घेतली, चाचपून चिठ्ठी सोलून काढली, बोटाला चिकटली म्हणून झटकली, सतरंजीवर कुठंतरी पडली. मग डबी चेहऱ्याजवळ धरून, अत्यंत दुःखानं, ते म्हणाले, "इसके 8500."

मामांचा चेहरा पाहायला हवा होता. कान ताठ झाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, चपला दाराशी नीट जोडल्या आणि सतरंजीवर ऐसपैस मांडी घातली. "8500?" ते गरजले. "जस्त सोळा भाग, तांबं एक भाग..."

"चाय बोल," चाचांनी मुलाला सांगितलं.

तीन चहा झाले. चांदीचा भाव, पद्मश्री, दिल्लीचा चित्ररथ, नवसागर, किल्ल्याची माती, चाचांची जीभ, सगळं झालं. मध्ये मामा एकदा पाठ फिरवून निघाले, सातव्या पावलाला चाचांनी हाक मारली; पावलं चाचा बोटांवर मोजत होते, हे मी पाहिलं. मुलगा गल्ल्यावर बसून फोनमध्ये बघत होता आणि मामी त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची चौकशी करत होत्या. दीड तासानं, कन्नडमध्ये, सौदा 4250 ला तुटला.

परतीच्या बसमध्ये मामांनी डबी मांडीवर धरली होती. "8500 ची 4250 ला," ते पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगत होते. "बरोब्बर निम्म्यात. अजून जमतंय, नाय म्हणता." तो माणूस वाहवा करत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो.

भालकीला उतरून मामा पुढं चालू लागले, तेव्हा मला त्यांच्या धोतरावर, मागच्या बाजूला, सतरंजीवरून चिकटून आलेली ती पांढरी चिठ्ठी दिसली. 4200. मी हात पुढं करणार, इतक्यात मामींनी ती हलकेच काढली. चष्मा वर करून वाचली. मामा पुढं शेजाऱ्याला थांबवून डबी दाखवत होते. मामींनी चिठ्ठीची बारीक घडी केली, पदराच्या टोकाला गाठ मारून तिच्यात ठेवली, आणि पदर कमरेला खोचत मला म्हणाल्या, "चल. वांगी घ्यायची आहेत, मी घेते."